तुमच्या भांड्यातलं वरण

जाम
रविवार, दुपार

सौ. माणिकताई विहीणबाई यांना जामच्या सुलोचनाचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? अच्युतरावांची साखर उतरली का, की अजून चोरून पेढे खाणं सुरूच आहे? इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे जेवतो, झोपतो आणि समोरच्या हायवेवरून दिवसभर ट्रक जातात. नमिता ठणठणीत आहे, तिची काळजी करू नका. (पत्र बघून तुम्ही दचकला असाल. विहिणीनं पत्र लिहिलं म्हणजे विहिणीचा पापड मोडला, असं कोणालाही वाटेल. पापड मोडला आहे हे खरं, पण तो तुम्ही मोडलेला नाही.) फोनच केला असता. पण मी फोन घेतला की आमचे हे, म्हणजे तुमचे व्याही प्रभाकरराव, दुकानातून आत येतात, "मीबी ऐकतो" म्हणतात आणि स्पीकर लावून फोन काउंटरवर नेऊन ठेवतात. मग आपण दोघींनी गुडघ्यांबद्दल बोलायचं आणि क्लच-प्लेट घ्यायला आलेल्या ड्रायव्हरांनी माना हलवायच्या. म्हणून कागद घेतला.

विषय तुमच्या भांड्याचा आहे. लग्नात रुखवतावर साखरेच्या बंगल्याशेजारी तुम्ही तो विजेवरचा, चिनीमातीच्या भांड्याचा स्लो कुकर मांडला होता, तोच. (आमच्या नणंदबाई त्यात पाय शेकायचे असं समजल्या होत्या आणि "बाई, किती विचारी माणसं" म्हणून तुमचं कौतुक करत होत्या.) वर्षभर तो खोक्यासकट माळ्यावर होता. मग नमिताची बदली हिंगणघाटच्या शाखेत झाली, सकाळी लवकर निघणं आलं, आणि एका संध्याकाळी तिनं तो खाली काढून पुसला. मला जवळ बसवून म्हणाली, "आई, आता तुम्ही आराम करा." पोरगी मनापासूनच बोलली. पण ताई, तुम्ही शाळेतून रिटायर झालात तेव्हा निदान शाल आणि नारळ तरी मिळाला होता. मला ओट्याशेजारी एक स्टूल मिळालं.

तुमच्या मुलीची पद्धत अशी. सकाळी डाळ, पाणी, हळद, मीठ आणि फ्रीजमधलं कालचं-परवाचं उरलंसुरलं त्या भांड्यात घालायचं, बटण फिरवायचं आणि बस पकडायची. परतेपर्यंत सगळं शिजून तयार. उरलेल्याचे डबे ती नावं लिहून ठेवते, दोडका अर्धी वाटी, पालक थोडा, वांगं. तिला फोनवर कोणी बाई शिकवते, शिळ्याचं नवं काय काय करायचं ते. शिळ्यात मी मुरलेली आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात शिळं खाणारी मी एकटीच. हे सकाळची भाजी संध्याकाळी ताटात दिसली तर ताट सरकवत. त्यामुळे सकाळचं ते माझं, कालचं तेही माझं, आणि पोळ्या उरल्या की दुसऱ्या दिवशी त्यांचा कुस्करा, तोही माझाच. त्याला तेव्हा कोणी रेसिपी म्हटलं नाही.

तर मी त्या स्टुलावर बसू लागले. काम एकच, झाकण उघडायचं नाही. उघडलं की वाफ जाते म्हणे. शिट्टी नाही, उतू जाणं नाही, करपणं नाही. बाईमाणसानं स्वयंपाकघरात दिवसभर बसून नुसतं भांड्याकडे बघायचं, हे मी नव्यानं शिकले. एकदा मीठ बघायला म्हणून झाकणाला हात लावला, तर हे नेमके पाणी प्यायला आत आले. "काय करून राह्यली वो? हात लावू नोको, बिघडवशीन!" ताई, माझ्याच घरात, माझ्याच ओट्यापाशी!

आणि रात्री जेवताना काय झालं ते ऐका. भांड्यात डाळ होती, तिसऱ्या दिवसाचा दोडका होता आणि वांगं किती दिवसांचं होतं ते मी सांगत नाही. यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "याले म्हणते वरण!" वर आणखी वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पंक्चरवाल्या बंडूजींना मुद्दाम आत आणून ते भांडं दाखवलं. आमच्या यांचा जन्म गाड्यांच्या सुट्या भागांत गेला. ज्या वस्तूला वायर आहे आणि वॉरंटी आहे, तिला ते नावं ठेवत नाहीत. माझं वॉरंटी कार्ड आमच्या वडिलांनी दिलंच नव्हतं, त्यामुळे माझ्या वरणात लग्नापासून एकतर पाणी जास्त असतं, नाहीतर मीठ कमी असतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी इतकी वर्षं मुकाट्यानं मान्य करत आले.

मग एके दिवशी सकाळीच लाइन गेली. नमिता बटण फिरवून निघाली आणि तिची बस वळली नसेल तोच पंखा थांबला. दुपार झाली तरी लाइनचा पत्ता नाही. भांड्यात डाळ जशीच्या तशी, पाण्यात बसलेली. संध्याकाळी थकून आलेल्या पोरीपुढे ते ठेवू कसं? मी गॅस पेटवला, ती डाळ पातेल्यात ओतली आणि माझं नेहमीचं वरण केलं. लसूण ठेचून, जिरं, दोन लाल मिरच्या, थोडा गूळ, बस. तेच, जे मी नवी नवरी असल्यापासून करते. मग ते तुमच्या भांड्यात ओतलं आणि झाकण लावून स्टुलावर बसले.

रात्री यांनी भुरका मारला. थांबले. मला वाटलं, ओळखलं. माझ्या हातात डाव होता, तो तसाच राहिला. हे म्हणाले, "आज तं मशीनीनं कमाल केली! हे असं वरण तुले जिंदगीत जमलं नाई." आणि वाटी पुढे केली. मी वाढलं. दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हाही वाढलं. नंतर भांडी घासताना मी रडले, हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही. वरण वाईट होतं म्हणून नावं ठेवली असती तर मी आयुष्यभर सोसलं असतं, सोसतच होते. पण वरण चांगलं होतं ताई. पहिल्यापासून चांगलंच होतं. फक्त ते मी केलेलं होतं.

त्यानंतर मला नादच लागला. रोज नमिता गेली की भांड्यातलं काढायचं, गॅसवर करायचं, परत भांड्यात ओतायचं. प्रेशर कुकर लावता येत नाही, शिट्टी दुकानात ऐकू जाते. म्हणून पातेल्यात, मंद आचेवर, जवळ उभं राहून ढवळत. (म्हणजे स्लो कुकर घरात पूर्वीपासूनच होता, त्याला वायर नव्हती इतकंच.) फोडणी एखादा मोठा ट्रक जाताना घालायची. कढी-गोळे केले, पातोडीचा रस्सा केला, अंबाडीची भाजी केली. प्रत्येकाची वाहवा झाली. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो असा चिनीमातीचा असतो हे मला माहीत नव्हतं. आराम मिळाल्यापासून मी पहिल्यापेक्षा दुप्पट राबते आहे आणि बंडूजी आमच्या यांना सांगतात, "वहिनीचं बरं हाये, आता काही कामच नाई."

नमितानं एकदा पकडलं. डोकं दुखतं म्हणून लवकर आली, तर मी पातेल्यापाशी. माझ्याच वाटीत वरण घेऊन ओट्यापाशी उभ्यानं प्यायली, मग म्हणाली, "आई, मग बाबांना सांगा ना." मी तिला म्हटलं, "सांगितलं की त्याच घासाले मीठ कमी होईन, बाई." पोरगी हसायला लागली आणि मग हसायची थांबली. तुमच्या मुलीबद्दल माझी काही तक्रार नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत तिचीही ओढाताण मी बघते. तिला वाटलं, यंत्र आणलं की बाई सुटते.

आज आमचा गजेंद्र, म्हणजे तुमचे जावई, एका लग्नासाठी वर्ध्याला येतो आहे, तर यांचा हुकूम सुटला, "विहीणबाईले वरण पाठव, त्यायच्या मशीनीचं. खाऊन पाहू दे." म्हणून हा डबा. गरम करून घ्या, वरून लिंबू पिळा. अच्युतरावांना एक वाटी चालेल, गूळ नखभरच आहे. बोरगाव मेघेच्या तुमच्या घरी सगळ्यांना माझा नमस्कार आणि गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची विहीण,
सुलोचना

ता. क. पिशवी इतकी जड का, असं वाटलं असेल. डब्याखाली जुन्या लुगड्यात गुंडाळून तुमचा स्लो कुकर ठेवला आहे. गजेंद्रला माहीत नाही, तो फक्त हाश्श-हुश्श करत पिशवी गाडीत ठेवील. दिलेली वस्तू परत पाठवते याचा राग मानू नका. अगदी नव्यासारखा आहे. लाइन गेली त्या दिवसानंतर नमिता गेली की मी तो बंदच करत आले. नमिताला सकाळी विचारलं. ती म्हणाली, माझ्या आईला माझं नाव सांगा, ती समजून घेईल.

आणखी एक. आज रात्री मी यांना पातेल्यातून वाढणार आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर. पाणी जास्त निघेल, मीठ कमी निघेल, मला ठाऊक आहे. डब्यात आहे तेच वरण, एकाच पातेल्यातलं. म्हणून तुम्हाला एक काम सांगते. आम्ही जेवायला बसतो त्या वेळी फोन करा. हे स्पीकर लावतीलच. वरण कसं झालं ते तेव्हा सांगा, जसं असेल तसं. खारट असेल तर खारट म्हणा, पांचट असेल तर पांचट म्हणा, मी ऐकून घेईन. पण भांड्याचं नाव घेऊ नका, आणि विहीणबाईही म्हणू नका. सुलोचना म्हणा आणि मग सांगा.