देणारी डबी वरच्या घराला, घेणारी खालच्या घराला

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
सडेपाली पोलीस दूरक्षेत्र,
मु. पो. सडेपाली, ता. जि. रत्नागिरी.

अर्जदार : हरिश्चंद्र विठू पाल्ये, निवृत्त एस.टी. चालक, रा. मधली वाडी, सडेपाली.

विषय : मोबाईलमधले चित्र टीव्हीवर दाखवणाऱ्या बिनतारी डब्यांच्या जोडीची मानपानाप्रमाणे वाटणी झाल्याने झालेली शोभा, व येत्या रंगपंचमीबाबत आगाऊ कळविणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या अध्यक्षतेखाली शाळेच्या पडवीत झालेली शांतता बैठक.
२) त्याच बैठकीत अर्जदाराने केलेली तोंडी विनंती, जी आपण 'बघू' एवढ्या एका शब्दात निकालात काढली.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा खेड डेपोतून चालक म्हणून निवृत्त झालेला, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा इसम असून त्याला गावात कसलाही मान नाही. पालखीच्या दांड्याला त्याचा खांदा लागत नाही, होळीला पहिला नारळ त्याचा नसतो, आणि गाऱ्हाणे घालताना त्याच्या घराण्याचे नाव 'आणि समस्त मंडळी' यात उरकले जाते. हे आधीच लिहिण्याचे कारण असे की, आमच्या गावात कोणी कागद लिहिला की तो काय लिहितो हे कोणी विचारत नाही, कोणाच्या बाजूने लिहितो ते विचारतात. अर्जदार आपल्या बायकोच्या बाजूने लिहीत आहे.

२. सदर बायको, म्हणजे सौ. सावित्री, गेल्या श्रावणात जांभ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरून पडली. खुबा मोडला. रत्नागिरीला नेऊन आत सळई घातली, पण तेव्हापासून ती मागच्या खोलीत खाटेवर आहे. ती स्वतः कसलीच तक्रार करत नाही, त्यामुळे ते काम अर्जदाराकडे आले. लग्न होऊन या घरात आल्यापासून दर शिमग्याला जाखमातेची पालखी तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आली, नाचली, आणि सावित्रीने देवीची ओटी भरली. तिचा शिमगा तेवढाच. बाकी ढोल, सोंगे आणि शिव्या हा पुरुषांचा शिमगा, तो बारा महिने चालू असतो.

३. दोन वर्षांमागे वरच्या घराचे मानकरी श्री. बाबू आणि खालच्या घराचे मानकरी श्री. अनिल यांच्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात जाणार यावरून जुंपली. काठ्या निघाल्या, आपल्या आधीचे साहेब आले, आणि तेव्हापासून असे ठरले की पालखीने कोणाच्याच दारी थांबायचे नाही. देवळातून निघायचे, सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर बसायचे आणि रंगपंचमीला परत फिरायचे. ज्याला दर्शन हवे त्याने सहाणेवर यावे. दोन म्हशींच्या झुंजीत झाडाचा नाश तो असा. सहाण अर्जदाराच्या गडग्यापलीकडेच, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीपलीकडेच आहे, हाक मारली तर ओ येते. पण खाटेवरच्या माणसाला ती मुंबईइतकीच लांब. गेल्या वर्षी सावित्री आपल्या पायांनी जाऊन आली होती. यंदा पौषातच तिने अर्जदाराला सांगून ठेवले, "आवशीचं तोंड दिसलं की झालं. दुसरं काय नको मला." आवस म्हणजे आई, म्हणजे देवी. साहेब घाटावरचे आहेत म्हणून खुलासा केला.

४. अर्जदाराचा भाचा हर्षद मुंबईला असतो व तेथील आमच्या ग्रामस्थ मंडळाचा चिटणीस आहे. गावात मोबाईलची रेंज सड्यावर चढल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा व्हिडिओ कॉलचे नाव काढायला नको. म्हणून हर्षदने दोन लहान डब्यांची जोडी आणली. एक डबी मोबाईलला लावायची, ती चित्र सोडते. दुसरी टीव्हीच्या मागे लावायची, ती चित्र घेते. मध्ये तार नाही, नेट लागत नाही, गडग्यापलीकडून सहज पोचते. या डब्या कारखान्यातूनच एकमेकींशी जुळवून येतात. एकीला दुसरीशिवाय किंमत नाही. हे हर्षदने मंडळींना दोनदा समजावून सांगितले होते, म्हणजे न समजण्याची सबब कोणाला सांगता येणार नाही.

५. हर्षदने प्रयोग करून दाखवला. मोबाईल सहाणेवर ठेवला आणि सावित्रीच्या खोलीतल्या टीव्हीवर सहाण दिसू लागली. रिकामी सहाण, आंब्याची वाळकी पाने आणि अंग खाजवत बसलेला वाडीतल्या येसूबाईंचा कुत्रा. सावित्रीने हात जोडले. अर्जदार म्हणाला, अगो, देवी अजून यायची आहे, तो कुत्रा आहे. ती म्हणाली, असूं दे, जागा तर तीच आहे. त्या दिवशी ती बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवली. मग हर्षदने ती जोडी गावाच्या हवाली केली आणि तो मुंबईला निघून गेला. इथेच त्या शिकल्यासवरल्या गाढवाचे चुकले. मामीसाठी आणलेली वस्तू मामीच्या उशाशी ठेवायची सोडून त्याने ती गावकीच्या ओटीत टाकली.

६. गावकीच्या हातात वस्तू पडली की तिला आधी मान चिकटतो, मग भांडण. श्री. बाबू यांचे म्हणणे पडले की देवी देवळाबाहेर काढण्याचा मान वरच्या घराचा, म्हणून देवीचे चित्र बाहेर सोडण्याचा मानही त्यांचाच. श्री. अनिल यांचे म्हणणे असे की सहाणेवर देवी उतरवून घेण्याचा मान खालच्या घराचा, सबब टीव्हीपर्यंतचा सगळा कारभार त्यांच्याकडे हवा. दोघांच्याही आजापणजांनी टीव्ही पाहिला नव्हता, पण दोघांनीही त्यांचे दाखले दिले. शाळेच्या पडवीत मुलांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसलेले हे वतनदार तावातावाने बोलत होते आणि आपण, साहेब, मान डोलावत होतात. शेवटी आपण निवाडा दिलात, की देणारी डबी वरच्या घराला, घेणारी डबी खालच्या घराला, समसमान वाटणी, वाद मिटला. टाळ्या झाल्या. अर्जदार उभा राहून म्हणाला, की साहेब, जोडी फोडून चालत नाही, आणि आजारी बाई माझ्या घरात आहे, यांच्या नाही. त्यावर आपण 'बघू' म्हणालात आणि चहा आला. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाला चपलांची जोडी दोन भावांत एकेक वाटून देऊ नये एवढे कळत असेल अशी अर्जदाराची समजूत होती. ती चुकीची ठरल्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे.

७. पुढचा प्रकार आपल्या कानावर कोणी घातला नसेल, म्हणून कळवतो. वरच्या घराने देणारी डबी देवीच्या चांदीच्या रुप्यांबरोबर, म्हणजे मुखवट्यांबरोबर, पेटीत ठेवून कुलूप घातले. खालच्या घराने घेणारी डबी देव्हाऱ्यात ठेवली व तिला रोज हळदकुंकू वाहू लागले, इतके की तार खुपसायच्या भोकात कुंकू जाऊन बसले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, या न्यायाने अर्जदार नारळ घेऊन खालच्या घरी गेला. श्री. अनिल म्हणाले, डबी देऊ, पण ती लागेल तर आमच्या टीव्हीला लागेल. घेण्याचा मान आमचा, तुमच्या टीव्हीचा कुठला? अर्जदार म्हणाला, बरे, तुमच्या टीव्हीला लावा, तो टीव्ही माझ्या घरी आणा. तर म्हणे मानाची वस्तू उंबऱ्याबाहेर जात नाही. वरच्या घरी श्री. बाबू म्हणाले, आम्ही डबी काढू, पण खालच्या घराने नारळ देऊन बोलावले पाहिजे. तुमचा नारळ चालत नाही. खालच्या घराला हे सांगितले, तर ते म्हणाले, बोलवायचे तर वरच्यांनी बोलवावे. अर्जदार दोन घरांमध्ये हेलपाटे घालत राहिला. एस.टी. चालवताना निदान शेवटचा थांबा तरी येत असे.

८. होळीचा दिवस उजाडला. सावित्रीने सकाळीच हिरवे लुगडे नेसवून घेतले. पाठीशी उशा लावून ती टीव्हीसमोर अर्धवट बसली, मांडीवर ओटीचे ताट, त्यात तांदूळ, खण, नारळ, हळकुंड. टीव्हीवर निळा पडदा होता आणि त्यावर इंग्रजीत, चित्र येत नाही, असे लिहिलेले होते. अर्जदाराने तिला सांगितले, की अजून वेळ आहे. आयुष्यात बायकोशी बरेच खोटे बोलून झाले, पण असे तोंड वर करून कधी बोललो नव्हतो.

मग अर्जदार सहाणेवर गेला. तिथे त्याने जे पाहिले ते गावाबाहेर कोणी खरे मानणार नाही. पालखी चौथऱ्यावर विराजमान. तिच्या उजव्या हाताला श्री. बाबू फेटा बांधून, मोबाईलला देणारी डबी खोचून, हात उंच धरून उभे. डाव्या हाताला श्री. अनिल, त्यांच्या हातात तबक, तबकात फुलांवर घेणारी डबी. एक जण चित्र सोडतो आहे, ते कोणाकडेच जात नाही. दुसरा चित्र घेतो आहे, त्याला टीव्हीच नाही. दोघांवर गुलाल पडतो आहे आणि मंडळी म्हणताहेत, यंदा प्रक्षेपण झकास झाले. दोघांचेही हात अवघडले होते, पण दुसऱ्याआधी खाली कोण घेणार! असले मानकरी ज्या देवीला मिळाले तिची अर्जदाराला दया आली.

९. तेव्हा अर्जदाराने डब्यांचा नाद सोडला आणि सहाणेवरच्या पुरुष मंडळींना हात जोडून विनवले, की डॉक्टरांनी खाटेसकट उचलायला मना केलेले नाही, चौघांनी या, तिला इथवर आणा, डोळे भरून बघू दे, लगेच परत नेऊ. तिथे पालखी नाचवून दंडाच्या बेडक्या फुगवणारे तरणेबांड गडी पैशाला पासरी होते. एकही पुढे झाला नाही. अखेर वरच्या घराचा विनीत बोलला, की काका, आम्ही उचलली तर खालचे म्हणणार खाट उचलायचा मान यांनी घेतला. मग पुढच्या वर्षी तेच धरून बसतील. खालच्या घरातल्यांनी माना हलवल्या. इतक्या वर्षांत ही दोन घराणी एका गोष्टीवर एकमत झालेली अर्जदाराने प्रथमच पाहिली. थू त्यांच्या एकमतावर. हा शब्द अर्जात चालत नसल्यास आपण खोडावा, अर्जदार खोडणार नाही.

१०. अर्जदार घरी परतला. गडग्यापलीकडे ढोल टिपेला पोचले होते. सावित्री तशीच बसलेली, ताट तसेच मांडीवर. तिने अर्जदाराच्या तोंडाकडे पाहिले. मग म्हणाली, "तो टीवी बंद करा. नुसते ढोल ऐकूया." अर्जदाराने टीव्ही बंद केला. दोघे ढोल ऐकत बसली. पालखीवर गुलाल उधळल्याचा गलका झाला तेव्हा तिने भिंतीकडे तोंड करून नमस्कार केला. त्या नमस्काराची नोंद आपल्या दूरक्षेत्राच्या कोणत्या वहीत होते ते अर्जदारास माहीत नाही, पण झाली पाहिजे असे त्याचे मत आहे.

११. आता विनंती. डब्या परत मिळवून द्याव्यात असे अर्जदाराचे मागणे नाही. एक कुलपात आणि एक कुंकवात, जिथे आहेत तिथे सुखी राहोत. नवी बैठकही नको. बैठकीला अर्जदार येणार नाही व चहा पिणार नाही. फक्त पुढील गोष्ट आपल्याला आधी कळावी, मागाहून 'आम्हाला सांगितले नाही' असे होऊ नये, म्हणून हा कागद.

१२. होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, आपापल्या घरातले पुरुष झोपल्यावर, दर्शना आणि समीक्षा सावित्रीला बघायला आल्या. दर्शना ही श्री. बाबू यांची पत्नी. समीक्षा ही श्री. अनिल यांची पत्नी. दोघींबरोबर शेजारची जनी होती. ओटीचे ताट कोनाड्यात तसेच झाकून ठेवलेले पाहून समीक्षा रडली. दर्शना रडली नाही. तिने खाटेचा एक खूर उचलून वजन पाहिले आणि म्हणाली, "काकी, देवी दारात थांबत नाय, तर आपण तिच्या वाटेत जाऊन बसू." येत्या बुधवारी, रंगपंचमीला, पालखी देवळाकडे परत जाताना अर्जदाराच्या दारावरूनच जाते. त्या दिवशी ढोल निघाले की सावित्रीची खाट ओटीच्या ताटासह भर रस्त्यात आणून ठेवली जाईल. पुढच्या दोन खुरांना दर्शना आणि समीक्षा, मागच्या दोहोंना जनी आणि अर्जदार. पुढे कोणी आणि मागे कोणी, हे ठरायला त्या बायकांना पान जुळवण्याइतका वेळही लागला नाही.

१३. वाट अरुंद आहे. दोन्ही बाजूंना गडगा आहे. पालखीला खाट चुकवून जायला जागा नाही. रस्ता अडवणे हा गुन्हा असल्यास कलम आपण शोधून ठेवावे. अर्जदार सही करील. शिपाई पाठवायचा असल्यास जरूर पाठवावा. खाटेच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहणार आहेत, आणि त्यांना हटवायचे तर मानकऱ्यांना आपल्याच बायकांच्या अंगावर पालखी घालावी लागेल. थांबायचे की घालायची, एवढाच मान आता त्यांच्याकडे उरला आहे. तो त्यांनी निम्मानिम्मा वाटून घ्यावा.

कळावे.

आपला, बुधवारपर्यंत नम्र,

हरिश्चंद्र विठू पाल्ये
सडेपाली, दि. १७ मार्च २०२५

प्रत : दोन्ही मानकऱ्यांना वेगळी पाठवलेली नाही. त्यांच्या बायकांनी हा अर्ज वाचला असून, एक-दोन ठिकाणी अर्जदार सौम्य झाला आहे असे त्यांचे म्हणणे आहे.