काय म्हणतोय गं त्यो?

आत्ती, अजून डोळ्यांपुढं येतं, बंब पेटलेला आहे, भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवल्यात आणि तुम्ही नेसून-सवरून दारात उभ्या राहून ओरडताय, "अगं आवर की! नावं पडून गेल्यावर पोचायचं हाय व्हय?" माझी आमटीची फोडणी अजून राहिलीय. ह्यांच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली की घर आणि मामंजी दोन्ही ह्यांच्यावर सोपवून आपण सासूसुना बाराच्या खेळाला निघायचो. वर्षातले तेवढेच आठ दिवस. तुमच्या पिशवीत भाजलेल्या शेंगा असायच्या, आणि टॉकीजपर्यंत तुम्ही एवढ्या भरभर चालायचात की मला पदर सावरत मागून पळावं लागे.

शाहूवाडीकडच्या खेड्यातून ह्या घरात आले तेव्हा मी सातवी शिकलेली होते. पहिलं वर्षभर कुणाशी धड बोलले नाही. मास्तरांची बायको असलं गावंढळ बोलते, असं कुणी म्हणेल ही भीती. हो आणि नाही, एवढ्यावर दिवस निघत. पहिल्याच पिक्चरला अंधार झाल्यावर तुम्ही माझ्या कानाशी आलात. "काय म्हणतोय गं त्यो? मला हिंदी कळत न्हाय." तुमचं माहेर निपाणीच्या पलीकडचं, रागावलात की कानडीत बोलायचात, त्यामुळं मला खरंच वाटलं. मी हळूहळू सांगायला लागले. शाळेत शिकलेल्या हिंदीवर जेवढं कळे तेवढं, बाकीचं मनानं रचून. मागच्या रांगेतली एक बाई वैतागली. "ओ बाई, पिक्चर बघाय आलाय का कीर्तनाला?" तुम्ही मान वळवून म्हणालात, "तुमास्नी बी फुकटात कळतंय न्हवं? मग ऐका की गप!" मध्यंतरानंतर तीच बाई पुढं वाकून ऐकत होती. घरी आल्यावर तुम्ही मला मामंजींपुढं बसवलंत आणि सगळी गोष्ट पुन्हा सांगायला लावलीत. मी इतकी बोलू शकते हे मलाच माहीत नव्हतं. पुढं शब्द कमी पडायला लागले म्हणून हे वाचनालयातून आणत ती पुस्तकं मी दुपारची वाचायला घेतली. ते अजून चालू आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात मी नळावरून पाणी घेऊन येत होते. आपल्या दारात स्वेटर विकणारा परप्रांतीय माणूस गाठोडं सोडून बसला होता आणि तुम्ही त्याला सुनावत होतात, "रंग गया तो मैं तेरे को किधर ढूँढूँ? अगले साल तू दुसरी गल्ली में जाएगा!" एकही शब्द अडत नव्हता. तो हसत होता, तुम्हीही हसत होतात. मी पायरीवरच थांबले. तुम्हाला हिंदी नको होती, मी बोलती व्हायला हवी होते, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मग मी मुद्दाम बादली आपटली. तुम्ही वळून पाहिलंत आणि लगेच म्हणालात, "बरं झालं आलीस. काय म्हणतोय गं ह्यो?" मी सांगितलं, रंग जाणार नाही म्हणतोय. तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तुम्ही होतात तोवर दर नाताळात मी सांगत गेले आणि तुम्ही विचारत गेलात. दोघींपैकी कुणीच ते कधी बोलून दाखवलं नाही.

तुमच्यामागं ह्यांच्याबरोबर पिक्चरला जायचे. ह्यांना झोप लागायची, तरी शेजारी असायचे. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून टॉकीजची पायरी चढले नाही. परवा मुलगा, सून आणि नात पुण्याहून सुट्टीला आले. घर भरलं, पण चार माणसं चार जागी, तीन जणांच्या हातात फोन. दुपारी मोठ्या टीव्हीवर इंग्रजी पिक्चर लावला तेव्हा कुठं सगळी एका खोलीत आली. मी सुनेच्या शेजारी बसले. थोडा वेळ गेल्यावर तिच्याकडं झुकून विचारलं, "काय म्हणाला गं तो?" पोर मायाळू आहे. तिनं पिक्चर थांबवला, रिमोटवर काहीतरी शोधलं आणि पडद्यावर खाली हिंदीतून अक्षरं यायला लागली. "आता झालं, आई! तुम्हाला तर वाचायची एवढी आवड आहे." आणि ती परत फोनकडं वळली. मी वाचत राहिले. पिक्चर शेवटपर्यंत कळला. बसल्या बसल्या आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या वाचता येण्याचा राग आला.

हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही. वही कपाटात साड्यांच्या खाली जाईल. तुम्हाला तेवढं सांगते, कारण तुम्ही हसाल आणि रागावणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे टीव्हीपुढं जमायच्या आत, मी माझा चष्मा पिठाच्या डब्यामागं ठेवला, सापडत नाही म्हणून सांगितलं आणि सुनेला खेटून बसले.