लग्न झालं की सुधारेल

आई, लोकांसमोर मी तुम्हाला सासूबाई म्हणायचे आणि घरात आई. आजही आईच म्हणते. सासूशी भांडायला मला कधी जमलं नाही, आणि आज मला भांडायचंच आहे.

तुमचा मुलगा पितो हे तुम्हाला ठाऊक होतं. मला बघायला कराडला आलात, तेव्हाही ठाऊक होतं. आमच्याकडचे पोहे खाताखाता तुम्ही माझ्या वडिलांना सांगितलंत, मुलगा दिल्लीत केंद्र सरकारात आहे, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. दोनाचे चार हात झाले की पोरगा ताळ्यावर येईल, हा तुमचा हिशोब. आणि नाही आला तर? तर त्याला सांभाळायला घरात एक बाई वाढेल. हाही विचार तुम्ही केला होता, आई, आणि मला तोच सोसत नाही.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. क्वार्टरच्या त्या लहानशा स्वयंपाकघरात तुम्ही पोळ्या लाटताय, हे आत आडवे पडलेत, आणि ऑफिसची वेळ टळून गेलीय. मला हिंदीचं अक्षर येत नव्हतं. लाटणं न थांबवता तुम्ही माझ्याकडून एक वाक्य घोकून घेतलंत, "साहब, उनको बुखार है, आज नहीं आ पाएँगे," आणि शेजारच्यांकडे फोन करायला पाठवलंत. दिल्लीत येऊन मी शिकलेलं पहिलं हिंदी वाक्य ते, आणि तेही खोटं. परत आले तेव्हा तुम्ही तूप लावलेली गरम पोळी माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "शाबास. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी खूश झाले होते हो. नव्या घरात कुणीतरी पहिल्यांदा शाबास म्हटलं होतं. आता ती पोळी आठवली की अंगाची आग होते.

पुढे हळदीकुंकवाला कुणी सहज विचारलं, बरं आहे ना सगळं, आणि माझे डोळे भरून आले. घरी येताना बसमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात की नवऱ्याला धरून ठेवता येत नाही आणि जगासमोर गळे काढतेस. म्हणजे पीत होता तो, आणि खापर माझ्या डोक्यावर. त्याचं लिव्हर गेलं, तो गेला, आणि तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही सांगितलंत, कावीळ झाली. मी शेजारी बसून मान हलवत होते.

आता माझा मुलगा पितो. तिशी उलटली आहे, नोकरी गुरुग्रामला, राहतो माझ्याजवळ मयूर विहारला. ऑफिसने त्याला सक्तीच्या रजेवर घरी पाठवलं तेव्हा त्याचे उपचार सुरू झाले, आणि त्या दवाखान्यात दर शनिवारी घरच्यांसाठी मीटिंग असते. मी जाते. या वयात शिकते आहे. आमची कौन्सेलर माझ्या भाचीच्या वयाची. तिने आमच्या जोड्या लावल्या, एकाने पिणारा व्हायचं, दुसऱ्याने बोलायचं. माझ्यासमोर एक रिटायर्ड सरदारजी होते. मी त्यांना भराभर उपदेश केला, वर मुलाबाळांची शपथ घातली. ती हसली नाही. म्हणाली, "आंटी, आपने पूछा तो कुछ भी नहीं।"

विचारायचं, आई. प्यालेला असताना भांडायचं नाही, सकाळी बोलायचं. त्याच्या वतीने ऑफिसला फोन करायचा नाही. आणि मरावंसं वाटतं का, हेही सरळ विचारायचं, विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. मी घाबरत घाबरत एका सकाळी विचारलं. तो म्हणाला, "कधी कधी." मी शपथ घातली नाही, रडले नाही, तिथेच बसून राहिले, मग आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. तुमच्या मुलाला हे कुणीच कधी विचारलं नाही. तुम्हाला येत नव्हतं, हे मला मान्य नाही. तुम्ही शिकायला कुणाच्या दारात गेलाच नाहीत.

आणि परवा रविवारी तुमची लेक, माझी नणंद, नोएडाहून एक स्थळ, मुलगी आणि तिची माणसं, घेऊन दारात उभी. मी नको म्हटलं होतं तरी. माझ्या कानाशी लागून म्हणते, "वहिनी, लग्न झालं की सुधारेल, बिल्कुल सुधारेल." मी मुलाला आत नेऊन सांगितलं की खरं तू सांग, मी खोटं बोलणार नाही. तो बघू म्हणाला. मुलगी साताऱ्याची, शाळेत शिकवते, मोकळं हसते. तिच्या वडिलांनी रीत म्हणून विचारलं, मुलाला काही व्यसन वगैरे? नणंद छे छे म्हणाली. मुलाने माझ्याकडे बघितलं, त्याचा बाप बघायचा तसंच.

मी म्हटलं, "आहे. दारू. उपचार चालू आहेत, पण अजून सुटलेली नाही."

वडिलांनी कप खाली ठेवला. मंडळी निघाली, नणंद निरोप न घेता गेली. मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, डॉक्टरांकडे मात्र एकटा जाऊन आला.

तुम्ही तर केव्हाच गेलात, हे पत्र कुठे टाकणार, ओट्यावर लिहिलं, इथेच फाडीन. पण एक तुम्हालाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. ती मुलगी मला फार आवडली होती. मी चहा टाकला तेव्हा कप विसळायला ती आपणहून आत आली, माझ्याशेजारी उभी राहिली, आणि माझ्या मनात आलं, गप्प बसावं. मला सोबत होईल.