थोर चित्रकाराचा (म्हणजे आपलाच) पाळणा

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, त्यामुळे कागदावरच). तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला? भाचीला सातवा लागला हे वाचून फार आनंद झाला. त्याखाली ‘माळ्यावरचा पाळणा पाठवून दे’ असं वाचलं आणि हातातला घास ताटात परत ठेवला.

पाळणा माळ्यावर नाही, संग्रहालयात आहे. रागावू नकोस, आधी ऐक. आमच्या थोर चित्रकारांचं जन्मघर मी शाळेत असतानाच पडलं. आता संग्रहालय म्हणून उभं आहे ते स्मारक समितीने नव्याने बांधलेलं. भिंती जुन्या दिसाव्यात म्हणून रंगाऱ्याने त्यांना चहाचं पाणी फासलं, आणि लोक त्या डागांपुढे हात जोडतात. मी तिथला रखवालदार (आणि माहिती सांगणाराही मीच, दुसरं कुणी टिकत नाही). उद्घाटनाच्या आदल्या दिवशी यादीतल्या सगळ्या वस्तूंपुढे खूण झाली, एक पाळणा सोडून. अध्यक्ष म्हणाले, कुठूनही आणा. कुठूनही म्हणजे कुठून, ते तुला कळलंच असेल. चार दिवसांसाठी दिला होता गं. त्याला नऊ वर्षं झाली.

तरी मी तो गुपचूप उचलून आणणार होतो. पण सोमवारी एक तज्ज्ञबाई आल्या, पाळण्याखाली आडव्या झाल्या आणि किंचाळल्या. मला वाटलं, विंचू. निघालं तुझं मांजर! लहानपणी तू तळाला कोळशाने काढलेलं, पाच पायांचं. आता ती थोर चित्रकारांची वयाच्या चौथ्या वर्षातली पहिली कलाकृती ठरलीय, त्यावर काच बसलीय, आणि पाचवा पाय म्हणजे गती आहे म्हणे. (मी इतकी वर्षं ती शेपटी समजत होतो.) आता तोंड उघडलं तर नोकरी गेली, तीही निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना. तेव्हा पाळण्याचं विसर. भाचीसाठी नवा करून देतो.

तुझा,
धाकटा

ता.क. : पुढच्या महिन्यात येशील तेव्हा संग्रहालयाकडे फिरकू नकोस. फिरकलीसच तर मांजराला ओळख देऊ नकोस.

पुन्हा ता.क. : बाई म्हणत होत्या, असा हात हजारात एखाद्याचा असतो, हे मूल मोठं होणारच होतं. मी मान डोलावली. ताई, तू मांजर काढलंस त्या दिवशी आईकडे चहाडी मीच केली होती. आईने तुझा कोळसा चुलीत टाकला आणि तू पुन्हा कधी काही काढलं नाहीस. वरचा ता.क. खोडून टाक. ये, आणि काचेवर बोट ठेवून सगळ्यांसमोर सांग, मांजर कुणाचं ते. नोकरीचं माझं मी बघतो.