तिघांना न जुमानणारं दार

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे कागदावरच. कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीला म्हणावं, शेक दे आणि बडबड कमी कर. तूही कर.

आता कामाचं. मी कामावर गेले असताना कुणीतरी दाराची कडी उचकटली, तेव्हा तू फोनवर म्हणालास, एकट्या बाईने असं राहू नये, घर विक आणि आमच्याकडे ये. घर मी विकणार नाही. हे सांगून तुला कळलं नाही, म्हणून करून दाखवलं. तू एवढा नावाजलेला सुतार, जगाची दारं बसवतोस, आणि सख्ख्या बहिणीच्या दाराला चार महिने नुसतं येतो येतो. शेवटी मीच डेडबोल्ट आणला. म्हणजे आतून खटका किंवा बाहेरून किल्ली फिरवली की बोटभर जाड लोखंडी दांडा सरळ चौकटीत घुसतो, ते कुलूप. (तुला माहीत असेल. तुला सगळंच माहीत असतं.) दाराला भोक पाडलं, चौकटीत पटाशीने खाच केली, वर लोखंडी पट्टी बसवली. बिजागऱ्यांना नखाएवढे स्क्रू होते (कुणी बसवले होते ते आठव), ते काढून बोटाएवढे लांब, थेट भिंतीत जाणारे बसवले.

मग दार लावून आतून खटका फिरवला. दांडा अडत होता, मी जोर लावला. गेला, तो परत येईना. खाच केसभर अरुंद झाली होती. माझा आरडाओरडा ऐकून शेजारचा पोलीस आला, मग दूधवाला, मग किल्ल्या बनवणारा. पोलिसाने खांदा दिला (दाराला, मी धडधाकट आहे). दार हललं नाही, त्याचा खांदा हलला. दूधवाल्याने लाथ मारली, तो अजून लंगडत दूध घालतो. किल्लीवाला दमून म्हणाला, "मावशी, हे कुणी बसवलंय?"

मी आतून सांगितलं, "मी."

दादा, खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. शेवटी मीच बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून काढल्या आणि अख्खं दार त्या बाजूने ओढून बाहेर आले. तीन बाप्यांना जमलं नाही ते एका बाईने केलं. कंबर तेव्हाच गेली. दुसऱ्या दिवशी दार परत चढवलं, खाच मोठी केली, आता दांडा लोण्यात सुरी जावी तसा जातो.

माझ्यासाठी खोली रिकामी करत असाल तर पसारा परत आत टाका.

तुझी धाकटी

ता. क. सोबत दुसरी किल्ली कागदात गुंडाळून ठेवली आहे. ते तिघं बाहेर धापा टाकत होते तेव्हा डोक्यात आलं, उद्या मी आत पडले-झडले तर हे दार कुणाच्या बापाला फुटायचं नाही. ही तुझ्याकडे असू दे.

आणखी एक. रोज सकाळी एक फोन करत जा. उचलला नाही तर किल्ली घेऊन ये. उचलला तर घर विकायचा विषय काढू नकोस.