घुबडासाठी पेटी

८ फेब्रुवारी, रविवार
आलं! जुन्या बार्नच्या, म्हणजे धान्यकोठाराच्या, भिंतीवर लावलेल्या घरट्याच्या पेटीशी तिसऱ्या हिवाळ्यात एकदाचं घुबड आलं. गव्हाणी घुबड, पांढरंशुभ्र. फाटकाशी चहा घेऊन उभा होतो, दुपारचे चार. कुंपणावरून उडालं, पेटीच्या तोंडाशी बसलं, आत डोकावलं. चहा गार. रिटायर होऊन नॉर्थम्बरलंडच्या या जंगलाशी राहायला आलो ते यासाठीच. माधवी म्हणाली, "आपल्या लग्नातसुद्धा इतका खूश नव्हतास." असेल.
आईला सांगितलेलं नाही.

१० फेब्रु., मंगळ.
सांगायला हवं होतं. आज घुबड पुन्हा पेटीवर, आणि नागपूरहून आल्यापासून कोटाशिवाय दाराबाहेर न पडलेली आई अंगणात, हातात थाळी नि पळी. ठणाणा वाजवली. घुबड गेलं जंगलात.
"तुझी पोर बाळंत व्हायचीय आणि हे अभद्र दाराशी?"
म्हटलं, इरा तिकडे नॉटिंगहॅमला आहे, आई!
"अपशकुनाला मैल नसतात."
ओरडलो तिच्यावर. जेवलो नाही. तीन हिवाळे वाट पाहिली, आता पुन्हा येतंय कशाला?

१५ फेब्रु.
घुबड नाही. अबोला चालू. सासू-सुनेचा नव्हे, माय-लेकाचा. माधवीने वैतागून दोघांना गाडीत घातलं, जंगलात नेलं. स्प्रूसच्या झाडांच्या वर, खूप उंच, सोनेरी गरुड! स्कॉटलंडकडून आला असणार. वर चढायचा, पंख मिटून खाली झोकून द्यायचा, पुन्हा वर. आईला दुर्बीण दिली. तिने हातमोजे काढून नमस्कार केला.
मा.: "म्हणजे आई, विष्णूच्या गाडीला नमस्कार आणि लक्ष्मीच्या गाडीला थाळी?"
"ते घुबड बंगाल्यांच्या लक्ष्मीचं. आपल्याकडे नाही." पण हसली. मलाही हसू आवरेना.

१८ फेब्रु.
इराचा फोन, आजीशी. स्पीकरवर. "आजी, तो घुबड परत आली का?" (तिचं मराठी!) मग तिनेच सांगितलं, की या दिवसांत घुबडं जागा धरतात, अंडी पुढे एप्रिल-मेमध्ये. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "जागा बघायला आली होती होय रे ती? मला वाटलं..."
राग गेला. गेल्या वर्षी इराचं मूल पोटातच गेलं तेव्हा आई नागपुरात एकटीच होती. डॉक्टर असून मला तिची भीती दिसली नाही. फार वाईट वाटलं.

२४ फेब्रु.
घुबड नाही. आई रोज दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसते. तिथून कुंपण दिसतं, पेटी नाही. विचारलं, इथे का? म्हणे, ऊन येतं.
ऊन! फेब्रुवारीत, इथे! डोंबल.
इराची तब्येत छान. स्कॅन नॉर्मल.

१ मार्च, रवि.
सकाळभर पाऊस, मग उघडलं. चारच्या सुमाराला आई एकदम, "अरे, अरे!" कुंपणावर पांढरं. तेच! मान वळवून घराकडे पाहिलं, उडालं, बार्नच्या कोपऱ्याआड गेलं. पेटीत शिरलं की तसंच पुढे जंगलात, कोण जाणे. दुर्बीण उचलून दाराकडे धावलो, तर आईने बाही धरली.
"गप बस इथे. बाळंतिणीच्या खोलीत असं डोकवायला जातात का?"
बसलो.