येझदीची मागची सीट

६ नोव्हेंबर २००५

आज दिवसभर येझदी. कार्ब्युरेटर खोलला, पेट्रोलने धुतला, बसवला. पहिल्या किकला सुरू! एकवीस वर्षांची गाडी, आवाज अजून खणखणीत. टाकी पुसत होतो तर खुशी म्हणाली, "बाबा, एवढं लक्ष माह्या अभ्यासाकडे दिलं असतं तं मी बोर्डात आली असती." पोरगी दहावीला आहे, जीभ मात्र कॉलेजात.

झेंडूचा हंगाम संपला. दसरा-दिवाळीत मान वर करायची फुरसत नव्हती. पहाटे तोडा, गाठोडी बांधा, अकोल्याच्या फूलबाजारात नेऊन टाका. आता शेवंती तेवढी राहिली. वर्षात मोकळे दिवस मिळतात ते हेच.

पुढच्या रविवारी मेळघाटात, सेमाडोहला. पाच गाड्या. गुलफाम मिस्त्री तर आतापासूनच हवेत — "भाई, मेळघाट का घाट और येझदी का आवाज! और क्या होना!"

९ नोव्हेंबर

एक जण गळला.

११ नोव्हेंबर

आणखी दोघे गळले. त्यातल्या एकाने गाडीच विकली. कापूस यंदाही तसाच, आता फिरणं कशाचं, म्हणाला. गुलफामच्या बहिणीकडे लग्न निघालं. राहिलो मी एकटा.

जेवताना सांगितलं, बेत रद्द. माणिक भाकर थापता थापता म्हणाली, "काहून? मी येतो नं."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. माझ्या गाडीवर ती बसली ती दवाखान्यासाठी, लग्नाकार्यासाठी, नाहीतर हिवरखेडला माहेरी जायला. नुसतं फिरायला कधीच नाही. मी विचारलं नाही, तिनं म्हटलं नाही. माझ्या बाबांनी ताटातून मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, परत खाली घातली.

१५ नोव्हेंबर

डावा हात प्लास्टरमध्ये. उजवा शाबूत आहे म्हणून लिहितो आहे. सगळं नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझा मलाच विश्वास बसणार नाही.

रविवारी उजाडता निघालो. अकोट, अंजनगाव, परतवाडा. परतवाड्याला चहा घेतला आणि घाट लागला. दोन्ही बाजूंनी साग, रस्त्यावर वाळली पानं, अंगावर गार वारा. माणिक मागे गप्प. मला वाटलं घाबरली असेल. मग लक्षात आलं, गुणगुणत होती!

सेमाडोहला सिपना नदीच्या काठावर शिदोरी सोडली. भाकर, ठेचा, कांदा. ती पाण्यात पाय सोडून बसली ती उठेचना. मी गाडीच्या गोष्टी सांगत होतो — ही येझदी मी कोणाकडून घेतली, किती दिवस खोलून ठेवली होती. ती "हं" म्हणत होती. खडे पाण्यात टाकत होती.

परतताना पडलो. चूक माझीच. वळणावर मान वळवून ओरडलो, "ते पाह्य, सांबर!" — आणि पुढचं चाक रस्त्यावरच्या बारीक गिट्टीवर घसरलं. गाडी एकीकडे, आम्ही दुसरीकडे. तिचा गुडघा खरचटला. माझं मनगट भलतीकडेच वळलं होतं. मी बघितलं आणि परत बघितलं नाही.

रस्त्यावर कोणी नाही. अर्ध्या तासाने एक जीप आली, खचाखच भरलेली, तीही उलट्या दिशेची. एसटी संध्याकाळी. माणिकने माझा दुपट्टा फाडला, सागाची काडी लावून हात बांधला. मग उठून गाडीकडे गेली. गाडीकडे पाठ केली, गुडघ्यात वाकली, एक हात हँडलला, एक सीटखाली, आणि उभी केली! मी ओरडलो, "सोड! लागन तुले!"

"तुमी चूप बसा."

तिनं लुगड्याचा काष्टा घातला. गाडीवर बसली. हँडल थोडं वाकलं होतं, ते दोनदा इकडे-तिकडे वळवून पाहिलं. "याचा पयला गेर खाली पडते का वरते?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

"बसा मांगं."

"तुले कोनं शिकवलं?"

"चंदूभाऊनं." म्हणजे तिचा मोठा भाऊ चंद्रभान. लग्नाआधी त्याच्या राजदूतवर ती वावरात भाकर घेऊन जायची. पंधरा वर्षांची असल्यापासून.

"एकोनीस वर्षं बोलली नाईस?"

"तुमी इचारलं कवा? किल्लीले तं हात लावू देत नव्हते."

गाडी निघाली. सुरुवातीला दोनदा झटका बसला, मला तारे दिसले. मग नाही. अख्खा घाट तिनं दुसऱ्या-तिसऱ्या गेरात उतरवला. वळण आलं की आधी वेग कमी, मग वळण. मी नेमकं उलटं करतो. परतवाड्यात शिरलो तेव्हा पानटपरीवरच्या सगळ्या माना आमच्यासोबत वळल्या. मला वाटलं होतं लाज वाटेल. पण हात इतका ठणकत होता की लाजेला जागाच नव्हती.

परतवाड्याच्या दवाखान्यात कळलं, मनगटाची दोन्ही हाडं मोडली. डॉक्टर म्हणाले दोन महिने. मुक्काम परतवाड्याच्या एका ओळखीच्या फूलवाल्याकडे. काल तिनंच घरी आणलं.

बाबा ओट्यावर होते. त्यांनी माझा हात पाहिला, मग गाडीवर कोण बसलंय ते पाहिलं. त्यांना दुसऱ्याच गोष्टीचं जास्त लागलं असावं.

१८ नोव्हेंबर

शेवंती तोडून पडली आहे. टेम्पोवाला आमच्या एवढ्याशा मालासाठी गावात वळत नाही. एसटीने नेली तर फुलं चेंगरतात. माणिक म्हणाली, "मी नेतो."

बाबा म्हणाले, "गावातून? लोकायच्या डोयापुढून?"

"मंग फुलं वावरात सडू द्याची काय, मामाजी?"

शेवटी बाबा — "त्याचा हात बरा होयेपर्यंत. मंग नाई."

२१ नोव्हेंबर

अकोल्याला गेलो. ती पुढे, मधे गाठोडं, मी मागे. चौदा किलोमीटर.

मागच्या सीटवरून रस्ता वेगळाच दिसतो. कडेची शेतं दिसतात. माणसं दिसतात. अकरा वर्षं याच रस्त्याने येतो-जातो आहे. एका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चिंचेचं एवढं मोठं झाड आहे हे आज कळलं. आणि हेही कळलं की मागे बसलेल्याला खड्डा आधी दिसत नाही. नुसता बसतो. ती एकोणीस वर्षं असे खड्डे खात आली. एकदाही म्हणाली नाही, जरा हळू.

आता ती चालवताना मला आधीच सांगते. "खड्डा हाय, धरून बसा."

२६ नोव्हेंबर

फूलबाजारात पहिले दोन दिवस लोक बघत होते. आज एक बाई म्हणाली, "माणिकबाई, माहीबी दोन गाठोडी घेऊन जा नं उद्या." झालं! लोकांचं बघणं संपलं, काम सुरू झालं.

३ डिसेंबर

पेट्रोल पंपावर मुंबईची जीप. कॅमेरेवाले. हल्ली या गाड्या आमच्या भागात फार. आल्या की विचारतात, तुमच्या गावात किती झाल्या? आत्महत्या. पाऊस किती झाला विचारावं तसं विचारतात.

आज एक मुलगी माणिकजवळ आली. शेतकऱ्याची बायको का, कापूस का. माणिक म्हणाली, कापूस थोडा, फुलं जास्त. मुलगी म्हणाली, घरी काही दुःखद? माणिकने विचार केला आणि माझ्याकडे बोट केलं. "यायचा हात मोडला."

तिला वाटलं आता फोटो काढतील. तिनं पदर सारखा केला, हँडल धरून ताठ बसली. मागे शेवंतीचं गाठोडं, पिवळंधमक. कॅमेरेवाल्याने पाहिलं आणि त्या मुलीला हळूच म्हणाला, "हा फोटो आपल्या बातमीत बसत नाही." मला ऐकू आलं. तिलाही आलं असणार. पंपातून गाडी काढताना तिनं ॲक्सिलेटर जरा जास्तच पिळला.

१२ डिसेंबर

चेन सैल झाल्याचं तिनं माझ्याआधी ओळखलं. नुसत्या आवाजावरून! खरं लिहायचं तर मला बरं वाटलं नाही.

२५ डिसेंबर

गुलफाम आला होता. आठ जानेवारीला अकोल्यात जुन्या गाड्यांचा मेळा. बुलेट, जावा, राजदूत, लॅम्ब्रेटा, सगळं. मी सहा महिने वाट पाहत होतो. हळू चालवायची शर्यतही ठेवली आहे: आखलेल्या पट्ट्यातून जायचं, पाय टेकवायचा नाही, सगळ्यात उशिरा पोचेल तो जिंकला. त्यात मी नाव दिलं होतं.

"माझं नाव काट," मी म्हणालो.

गुलफामने वही काढली. "सहदेवभाऊ, गाडी वही रखते हैं. नाम भाभी का लिखतो."

आतून माणिक — "मी नाई बाप्पा! चार लोकांत!" पण लगेच बाहेर येऊन विचारलं, "पट्टा किती रुंद राह्यते?"

मी हसलो नाही. विचार करून सांगतो म्हणालो. जसं काही तिनं मला विचारलं होतं.

२७ डिसेंबर

दोन दिवस याच विचारात. लोक हसतील ही भीती आहे का? आहे. कोणाला हसतील? तिला नाही, मला. तिचं कोणी वाईट बोलेल याची काळजी म्हणून दोन दिवस स्वतःची समजूत घातली. तसं नाही. गाडी माझी, नाव माझं, आणि मी कडेला हात गळ्यात बांधून उभा! एवढंच आहे ते.

सकाळी सांगितलं, "जाय तू."

म्हणाली, "मी तं कालच सांगतलं गुलफामभाईले."

८ जानेवारी २००६

मेळा. सव्वीस गाड्या. मागच्या वर्षी चाळीसच्या वर होत्या. कोण कोण आलं नाही याची चौकशी कोणी कोणाजवळ केली नाही. गाड्यांबद्दलच बोललो. अमरावतीची एक हिरवी जावा होती — काय ठेवली होती! मी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या.

दुपारी शर्यत. मैदानावर चुन्याने दोन पट्टे. अकरा जण आणि माणिक. तिचं नाव घ्यायच्या वेळी माईकवाला म्हणाला, "आता येत आहेत सहदेवभाऊंच्या सौभाग्यवती!" लोक हसले, शिट्ट्या झाल्या. गुलफाम उठला आणि माईक हिसकला. "नाव हाय तिले! माणिकबाई!"

बाकीचे गाडीशी भांडत होते. पाय टेकत होते, पट्ट्याबाहेर जात होते. ती नुसती बसली होती. फूलबाजाराच्या बोळात, मागे तीन गाठोडी, समोर गाय, बाजूला हातगाडी — पावणेदोन महिने रोज हेच करते आहे ती. क्लच थोडा सोडायचा, धरायचा, मागचा ब्रेक. गाडी पुढे जाते आहे का उभी आहे, कळेना. माझ्या प्लास्टरमधली बोटं क्लच दाबत होती.

शेवटी दोघंच उरले. ती आणि वरूडचा एक संत्रेवाला, बुलेटवर. मोठा तयारीचा माणूस. शेवटच्या चार हातांवर त्याची बुलेट कलली आणि त्याने पाय टेकवला.

मैदान उसळलं! मला वाटलं आता थांबेल. थांबली नाही. रेघ ओलांडली, दुसरा गेर टाकला, तिसरा टाकला आणि अख्ख्या मैदानाला चक्कर मारली. पदर कमरेला खोचलेला, तोंड वर. या बाईला मी असं कधी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या वेळच्या फोटोतसुद्धा ती खाली बघते आहे.

बक्षीस म्हणून हेल्मेट दिलं. तिला मोठं होतं. वरूडवाला येऊन म्हणाला, "वहिनी, आमच्या संत्र्याच्या पेट्या न्यायले या." ती माझ्याकडे हात करून म्हणाली, "गाडी यायची हाय. हात बरा झाला का मी घरी."

सहज म्हणाली.

९ जानेवारी

पेपरात फोटो. कोपऱ्यात, लहान, पण आहे. खुशीने शाळेत नेला.

बाबांनीही पाहिला. डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. घडी करून उशीखाली ठेवला. मग माणिकला हाक मारली. "पोरी, नाव झालं. चांगलं झालं. पन सहदेवचा हात प्लास्टरातून निंगाला का आता हे बंद. माह्या जिवाले घोर लागते तू येयेपर्यंत."

"हो, मामाजी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. फुलांना मागणी होती, दोन खेपा झाल्या. संध्याकाळी माणिकने गाडी धुतली. चेनला तेल दिलं. वाकलेलं हँडल गुलफामकडून सरळ करून आणलं होतं, तेही पुसलं. मग किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"सोमवारी प्लास्टर निंघन. मंग तुमची गाडी तुमाले."

मी म्हणालो, चालव नं तू, मी बाबांशी बोलतो. ती म्हणाली, नको, म्हातारा मानूस हाय, या वयात त्याईले कायले तरास? आणि चुलीकडे गेली. चुलीजवळ बसून तिनं लाकडं सारखी केली. परत केली. ती आधीच सारखी होती.

१६ जानेवारी

प्लास्टर कापलं. हात बारीक झालाय, पण पाचही बोटं हलतात. डॉक्टरांनी मूठ आवळायला लावली, एक्स-रे उजेडाला धरून पाहिला. म्हणाले, "फस्क्लास जुळलं! उद्यापासून गाडी चालवा." खिडकीतून माणिक दिसत होती, गाडीला टेकून उभी. मी खुर्ची पुढे ओढली आणि हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, परत बांधून देता काय?"

बांधून दिलं. चांगलं कोपरापर्यंत.